पत्त्याचा रकाना

जिन्याखालची खोली माझी, चौदा नंबर.
आधी इथे झाडू-बादल्या असायच्या,
फिनेलचा वास अजून भिंतीत मुरलेला.
दारावर पाटी: प्रवेश साहाय्य कक्ष.
टेबलाच्या खालच्या खणात बसची तिकिटं,
दोन कॅलक्युलेटर, आणि एक कोट,
जो आजवर चौघींनी घातला
आणि चौघींनी तुटलेलं बटण शिवून परत केला.

विनी कॉली आली सप्टेंबरात.
गॉलवेचा वारा तिच्याआधी आत शिरला.
फॉर्म पुढे सरकवून म्हणाली,
एवढा एक रकाना भरता येत नाही.
कायमचा पत्ता.
मी म्हटलं, जिथं पत्र पोचतं ते लिही.
हसली. पत्र पेट्रोल पंपावर पोचतं,
डॅक्लन ते टायरांमागे खोचून ठेवतो,
लहर लागली तर देतो.
आणि राहता कुठे?
फिरस्त्यांच्या तळावर, पाचवी गाडी, निळं दार.
चाकं काढून विटांवर टेकवलीय.
चाकं होती तेव्हा लोक म्हणायचे, जा.
काढली तर विचारतात, कधी जाणार?

रकान्यात बावीस अक्षरं मावतात.
मी मोजली.

प्रयोगशाळेत पहिल्याच आठवड्यात
सगळे कथलाचा वितळणबिंदू पुस्तकात शोधत होते.
तिने नाकाने ओळखला.
म्हणजे आकडा नव्हे, फक्त म्हणाली, "आता."
आजोबा दारोदार बादल्यांना डाख लावत हिंडायचे,
नवसागराचा धूर तिच्या पाळण्यापर्यंत यायचा.
हे तिने मला सांगितलं.
वर्गात सांगितलं, अंदाजाने बोलले.

नोव्हेंबरात वरच्या मजल्यावरून निरोप:
माहितीपत्रकासाठी एक हसरा चेहरा हवाय,
तुमच्या त्या मुलांपैकी.
विनीला विचारायला नको होतं.
विचारलं.
तिने हातातला कप खाली ठेवला.
शनिवार-रविवार ती हॉटेलात चादरी बदलते,
तिथे ती विनी क्रॉली आहे.
क-च्या पायात एक तिरकी रेघ,
तेवढ्या रेघेवर तिचा आठवडा चालतो.
खोलीत कुणाचं पाकीट हरवलं
तर क्रॉलीकडे सगळ्यांच्या नंतर बघतात.

मी वर कळवलं, चेहरा उपलब्ध नाही.
त्यांनी जिन्याचा फोटो छापला.
जिना छान आलाय.

फेब्रुवारीत ती तीन आठवडे फिरकली नाही.
ईमेल, फोन, मग सही-शिक्क्याचं पत्र.
पत्र परत आलं, वर लाल शाईत: पत्ता अपुरा.
जेवणाच्या सुट्टीत गाडी काढली.
पंप, टायर, चिखल, मोजत मोजत पाचवी.
निळं दार उघडंच होतं.
आत तिची आई, चष्मा कपाळावर ढकलून,
विनीच्या वहीची पानं शेगडीजवळ वाळवत होती,
एकेक सुटं, पापडासारखं उलथून.
तळावरचा नळ फुटून पाणी आत आलेलं.
नगरपालिका म्हणाली होती, अर्ज करा.
विनी म्हणाली, "तुम्ही? इथं?"
आणि मग, "चहा घेणार?"
दोन्ही प्रश्नांत संशय सारखाच.

घेतला.
जे बोलायचं ठरवून गेले होते
ते बोलले नाही, पानं उलटायला बसले.
एका पानावर शाई फुटून
अख्ख्या समीकरणाचं तळं झालं होतं.
काठावर तिचं बारीक अक्षर, पाय न भिजवता उभं.

आता मे. अहवाल लिहितेय.
दाखल किती: चार. टिकले किती?
तीन लिहिते, खोडते, फोन लावते.
बसमध्ये आहे, म्हणते, आवाज नीट येत नाही.
मी चार लिहिते.

संगणक विभागाला कळवलं होतं,
पत्त्याचा रकाना लांब करा.
उत्तर आलं, पुढच्या वर्षी बघू,
तशी फारशी मागणी नाही.
तोवर मी खणात, कोटाखाली, एक वही ठेवलीय.
पहिली नोंद: पाचवी गाडी, निळं दार.
पंपावर विचारू नये.
डॅक्लन मुद्दाम उलटा रस्ता सांगतो.